प्रेताचा श्वास

रसायनशास्त्राचे मास्तर आयुष्यात एकदाच वेडे झाले होते, आणि तेही उन्हाळ्याच्या सुटीत, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन.

त्याचं असं झालं. शहरात एक हौशी दिग्दर्शक होता. त्याने भयपट काढायचं मनावर घेतलं. भयपट म्हटला की वेडा शास्त्रज्ञ आला, वेडा शास्त्रज्ञ म्हटला की प्रयोगशाळा आली, आणि प्रयोगशाळा उभी करायची म्हटलं की दिग्दर्शकाच्या बायकोच्या कपाळावर आठ्या यायच्या. म्हणून तो शाळेत गेला. मुख्याध्यापक म्हणाले, सुटीत खोली वापरा, पण आमचे मास्तर तिथे हजर राहतील, आणि काचेचं एकही भांडं फुटता कामा नये. मास्तर हजर राहिले. उंच, पोक काढून चालणारे, केस आणि दाढी चारी दिशांना, बोटांवर आम्लाचे पिवळे डाग, कोटाचा एक खिसा जळून गेलेला. दिग्दर्शकाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सकाळपासून रंगरंगोटी करून बसलेल्या आपल्या नटाकडे पाहिलं, आणि नटाला चहा पाजून घरी पाठवलं.

चित्रपटाचं नाव ‘रक्तरंजित प्रयोगशाळा’. तो कृष्णधवल होता. रक्त म्हणून लाल शाई आणली होती. निळी आणली असती तरी पडद्यावर फरक पडला नसता, पण दिग्दर्शकाचं म्हणणं असं, की काम करणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे. गोष्ट सरळ होती. शास्त्रज्ञाची बायको मरते. सगळं गाव सांगतं, ती मेली. शास्त्रज्ञ म्हणतो, नाही मेली. तो तिला प्रयोगशाळेच्या ओट्यावर निजवतो, नाना द्रावणं तयार करतो, आणि अखेर ती उठून बसते ती लोकांचे गळे दाबायलाच. शेवटी प्रयोगशाळा जळून खाक होते असं लिहिलेलं होतं, पण मुख्याध्यापकांनी त्याला साफ नकार दिल्यामुळे ती नुसती धुराने भरते आणि सगळे खोकत बाहेर पडतात.

प्रेताचं काम करायला एक नायिका आली होती. तिने ओट्याच्या दगडाला हात लावला, हात मागे घेतला आणि परत निघून गेली. दारात एक बाई उभ्या होत्या. त्या शिवणकाम करायच्या, शास्त्रज्ञाचे पांढरे झगे शिवून आणले होते त्यांनी. दिग्दर्शक म्हणाला, “बाई, जरा इथे आडव्या होता का?”

“कशाला?”

“प्रेत म्हणून.”

“बोलायचंय का काही?”

“छे. नुसतं पडून राहायचं.”

“मग चालेल,” बाई म्हणाल्या. “यंत्रावर बसून पाठीचा नुसता भुगा झालाय.”

या दिग्दर्शकाची काम करायची एक पद्धत होती. दुसऱ्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली फीत तो गोळा करून आणायचा, आणि त्यामुळे प्रत्येक दृश्य एकदाच घ्यायचा. चुकलं तर चुकलं, पुढे चला. बाईंना गळ्यापर्यंत चादर पांघरली आणि सांगितलं, मास्तरांचं भाषण संपेपर्यंत श्वास रोखा. भाषण छोटंच होतं. पण त्यात आम्लात पाणी ओतायचं होतं, आणि मास्तर ओतता ओतता थबकले. एवढी मुलं उद्या हा चित्रपट बघणार. आम्लात पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. तेव्हा मास्तरांनी, वेडाच्या भरात डोळे गरगर फिरवत, लिहिलेल्या भाषणाला स्वतःची पुस्ती जोडली, की नेहमी पाण्यात आम्ल ओतावं, आम्लात पाणी नव्हे, आणि तेही हळूहळू, काचेच्या कांडीवरून ओघळत, सतत ढवळत. प्रेताने लिहिलेल्या भाषणापुरता श्वास रोखून धरला होता. पुस्ती सुरू झाली तशी चादर आधी थरथरली, मग तंबूसारखी वर आली आणि खाली बसली. त्यानंतर प्रेताने चोरून छोटे छोटे श्वास घेतले, नाकपुडीने, कुणाला कळणार नाही अशा बेताने. ते सगळ्यांना कळलं.

चित्रपट लागला तेव्हा त्या जागी थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. “अहो डॉक्टर, जिवंत आहे ती,” असं मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडायचं आणि लोक पोट धरधरून हसायचे. मास्तरांना त्या दिवसापासून सगळं शहर डॉक्टर म्हणू लागलं. वर्गात फळ्याकडे वळले की मागून तेच वाक्य यायचं. ते कधी रागावले नाहीत, कारण पुढच्याच वर्षी त्यांनी प्रेताशी लग्न केलं होतं. बायको त्यांना जन्मभर ऐकवत राहिली, “तुमचं बोलणं संपायचं म्हणजे मेलेल्या माणसालासुद्धा मधे श्वास घ्यावा लागतो.”

गेल्या वर्षी ती गेली. मागे तिचं शिवणयंत्र राहिलं, मुलगी राहिली, आणि काही फोटो राहिले. कॅमेरा समोर आला की तिचे डोळे मिटायचे, त्यामुळे फोटोंत ती सगळीकडे झोपलेली दिसते. मुलीच्या लग्नाच्या चित्रीकरणात ती शोधली तर कायम पाठमोरी, कुणाच्या तरी कपड्याची निसटलेली शिवण धरून बसलेली. हलती-चालती, तोंड दिसणारी अशी ती एकाच ठिकाणी होती, आणि तिथे ती मेलेली होती. बरं, त्या चित्रपटाची प्रतही कुणाकडे नव्हती.

म्हणून दिग्दर्शकाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मास्तर खुर्चीतून उठून उभेच राहिले.

“काका, डबे सापडले,” तो म्हणाला. “बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर होते. मी सगळा चित्रपट स्वच्छ करून घेतलाय. चित्रपट मंडळाचे लोक मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. त्याआधी तुम्ही एकदा बघून घ्या. त्या वेळचे तुम्हीच एक उरलात.”

दिग्दर्शकाचा मुलगा नळ आणि बेसिनचं दुकान चालवायचा. वडिलांसारखा उचापती नव्हता. शब्दाला पक्का, हिशेबाला चोख, आणि हसणं बेताचं. त्याने हे काम एका छोट्या कंपनीला दिलं होतं. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खिडक्यांना काळे पडदे लावलेल्या खोलीत एक मुलगी संगणकापुढे बसली होती. तिने मास्तरांसाठी खुर्ची ओढली, पाणी दिलं आणि म्हणाली, “सर, तुमची दाढी मी ओळखते. केसन् केस साफ केलाय.”

चित्रपट सुरू झाला. ओरखडे गेले होते, पावसासारख्या रेघा गेल्या होत्या. मास्तरांनी स्वतःचा तरुण चेहरा पाहिला आणि त्यांना त्या माणसाचं जरा हसूच आलं. मग ओटा आला, चादर आली, आणि चादरीच्या टोकाला ती. बाजूने दिसणारं नाक, कानामागे सरकवलेली बट. मास्तर पुढे झुकले. पडद्यावरचा डॉक्टर बोलत होता. भाषण संपलं. पुस्ती सुरू झाली. नेहमी पाण्यात आम्ल ओतावं. मास्तर चादरीकडे बघत होते. काचेच्या कांडीवरून ओघळत. चादर हलली नाही. सतत ढवळत. ती तशीच पडून होती.

“थांबवा जरा,” मास्तर म्हणाले. “इथे श्वास होता.”

संगणकापुढच्या मुलीचा चेहरा उजळला. “काढला, सर. त्याआधीचा, त्या अगदी स्तब्ध असतानाचा तुकडा घेतला आणि पुढे ताणला. चादरीची सुरकुती न सुरकुती जुळवावी लागली. सगळ्या चित्रपटात हेच काम सर्वांत अवघड होतं. कळतंय का कुठे?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “अगदी मेल्यासारखी दिसतेय.”

“थँक यू, सर.”

मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला. मग मागे उभ्या असलेल्या दिग्दर्शकाच्या मुलाकडे वळले. “तो परत घालता येईल का?”

“कशाला, काका?”

“तो तिथे होता म्हणून.”

“चूक होती ती,” तो म्हणाला. “बाबांना फार लागली होती. मी लहान होतो. पहिल्याच खेळाला मला बरोबर नेलं होतं त्यांनी, नवे बूट घालून. तो प्रसंग आला आणि लोक हसायला लागले. बाबा माझा हात धरून उठले आणि आम्ही चालत घरी आलो. नंतर कुठेही गेले की लोक श्वासाचंच विचारायचे. शेवटच्या आजारातसुद्धा भेटायला आलेल्या एकाने विचारलं. मी ठरवलं होतं, एकदा तरी हा चित्रपट लोकांनी न हसता बघायचा.”

समोरचा माणूस चुकीचं बोलत असता तर त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण हा आपल्या बापासाठी भांडत होता.

“हवं तर,” तो जरा नरमून म्हणाला, “जुना तुकडा तुम्हाला देतो. घरी बघा, कितीही वेळा. पण पडद्यावर नको.”

तुकडा घेऊन मास्तर घरी आले. संध्याकाळी त्यांच्या मुलीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि दोघं शेजारी शेजारी बसली. चादर वर आली, खाली गेली. मुलगी हसली आणि मग हसता हसता तिने डोळे पुसले.

“आई किती बारीक होती, बाबा. आणि कसली चोरटी बघा, नाकपुडी उडतेय.”

“परत लाव.”

तिने परत लावलं. पुन्हा लावलं. मग मास्तरांनीच हात वर करून थांबवलं.

“का हो? सापडली ना तुम्हाला? ठेवा आता आपल्याजवळ. रोज बघत जा.”

“रोज बघायला लागलो तर खरोखरच त्या डॉक्टरसारखा होईन,” मास्तर म्हणाले. थोडा वेळ त्यांनी टेबलावरचे कण बोटाने गोळा केले. “आणि खोलीत बसून बघितलं ना, की दवाखान्यासारखं वाटतं, गं. तिथेही असंच होतं. मी चादरीकडे बघत बसायचो. वर येतेय, खाली जातेय. बास, तेवढंच काम.”

मुलीलाही ती चादर माहीत होती.

“थिएटरात तसं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “तिने श्वास घेतला की सगळे लोक ओरडून सांगायचे, जिवंत आहे म्हणून. तुझी आई माझ्या शेजारी बसलेली असायची आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची. मला कोपर मारून म्हणायची, ऐका, अख्खं शहर सांगतंय, तुम्हालाच तेवढं कळत नाही.”

“मग जा ना, त्याला सांगा हे.”

“त्याचा बाप आहे तो. त्याला काय सांगू?”

“तुमची बायको आहे, ते सांगा. आणि बाबा, जाताना स्वेटर सरळ घाला. उलटा घातलाय.”

दुसऱ्या दिवशी मास्तर नळ-बेसिनच्या दुकानात गेले. बसायला जागा म्हणजे एक न विकलं गेलेलं कमोड होतं, वर पुठ्ठा टाकलेला. मास्तर त्यावर सरळ बसले, छडी गुडघ्यांमध्ये धरून. समोर भिंतीवर कोरडे नळ ओळीने लटकत होते.

“चित्रपटाची गोष्ट काय आहे, सांग,” मास्तर म्हणाले.

“काका, तुम्ही त्यात काम केलंय.”

“तू सांग. तोंडी परीक्षा समज.”

दिग्दर्शकाचा मुलगा गल्ल्यावरून उठून जवळ आला. “शास्त्रज्ञाची बायको मरते. तो म्हणतो, नाही मेली. सगळे त्याला वेडा म्हणतात.”

“ती मेलीय का?”

“मेलीय की.”

“तुझ्या स्वच्छ केलेल्या चित्रपटात मेलीय. तिथे डॉक्टर वेडा आहे, मान्य. बायको गेली, डोकं फिरलं, संपलं. पण तुझ्या बापाच्या चित्रपटात ती श्वास घेतेय. सगळं गाव म्हणतंय मेली, आणि तो एकटाच म्हणतोय नाही, आणि बघणाऱ्याला दिसतंय की खरं तोच बोलतोय. मग वेडा कोण?”

तो म्हणाला, “पण बाबांनी काही हे ठरवून केलं नव्हतं.”

“मुळीच नव्हतं,” मास्तर म्हणाले. “ठरवलं असतं तर तुझ्या बापाला ते जमलं नसतं. मलाही नसतं. झालं आपलं.”

“लोक हसतील, काका.”

“हसतील.”

“तुम्हाला चालेल?”

“मला चालायचा प्रश्नच नाही. मला ते हवंय.” मास्तरांनी छडी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. “हे बघ, तिचा श्वास थांबलेला मी एकदा पाहिलाय. दवाखान्यात, खिडकीजवळच्या पलंगावर. तुझ्या त्या संगणकावरच्या मुलीने काम फार हुशारीने केलंय, तिला काही बोलू नकोस. पण काल त्या खोलीत मी ते दुसऱ्यांदा पाहिलं. आता तू ते मोठ्या पडद्यावर लावणार. मी येईन, तुझ्या बापासाठी येईन, पण तिसऱ्यांदा बघायला लावू नकोस एवढंच म्हणायचंय.”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याचा गळका नळ आणखीच गळू लागला होता आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ बोलायचं होतं. दिग्दर्शकाच्या मुलाने त्याला वायसर दाखवले, समजावून सांगितलं, पिशवीत भरून दिले. मास्तर वाट बघत बसले. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, “मला जरा विचार करू द्या.” हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मास्तर उठले, पुठ्ठा नीट केला आणि घरी गेले.

खेळाच्या दिवशी चित्रपट मंडळाच्या लोकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. एका बाजूला त्यांची मुलगी, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शकाचा मुलगा. त्याने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मास्तरांकडे बघायचं तो टाळत होता. मास्तरांनीही विचारलं नाही. विचारून ‘नाही’ ऐकण्यापेक्षा न विचारता बसलेलं बरं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सभागृह गच्च भरलं होतं. बरीचशी तरुण मंडळी, जाड चौकटीचे चष्मे, मांडीवर पिशव्या. सुरुवातीला एका समीक्षकाने भाषण केलं आणि उपेक्षा, अभाव आणि अवकाश या तीन गोष्टींबद्दल बोलता बोलता तो तिन्हींतल्या एकीतही चित्रपट आणायला विसरला.

दिवे गेले. शाई सांडली, दारं करकरली. मग ओटा आला. मुलीने मास्तरांचं मनगट धरलं.

पडद्यावरच्या डॉक्टराने डोळे गरगर फिरवले आणि भाषण सुरू केलं. चादर स्थिर होती. भाषण संपलं. पाण्यात आम्ल ओतावं, आम्लात पाणी नव्हे. मास्तरांच्या छातीत आपलाच श्वास अडकून बसला. चादर स्थिर होती. तेही हळूहळू. मग तिच्या गळ्याजवळ काहीतरी थरथरलं, आणि चादर तंबूसारखी वर आली, एवढ्या मोठ्या पडद्यावर डोंगराएवढी वर आली, आणि खाली बसली.

मास्तर कान टवकारून वाट बघत होते. कुणी हसलं नाही. सगळं सभागृह चिडीचूप होतं. मागे कुणीतरी पेनाने काहीतरी टिपून घेत होतं, त्याची कुरकुर तेवढी ऐकू आली. ही मंडळी चित्रपटाचा आदर करायला आली होती आणि आदर करताना हसायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिची नाकपुडी उडाली. चोरून, कुणाला कळणार नाही अशा बेताने.

मास्तर हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला तो फुटलाच. मागून कुणीतरी “शू” केलं. “अहो आजोबा,” दुसरा एक दबक्या आवाजात म्हणाला, “बाकीच्यांना बघू द्या.” ते ऐकून मुलीला हसू आवरेना. तिने ओढणी तोंडात कोंबली आणि तिच्या खुर्चीचा खिळखिळा पाय टकटक वाजू लागला. मास्तरांनी डोळे पुसले, पुन्हा वर पाहिलं तर ती पुन्हा श्वास घेत होती, आणि त्यांना पुन्हा उमाळा आला. दुसऱ्या बाजूची खुर्चीही हलत असल्याचं त्यांना जरा उशिराने कळलं. दिग्दर्शकाचा मुलगा रुमालात तोंड खुपसून बसला होता. रडतोय की काय म्हणून मास्तर वाकून बघायला गेले. तो हसत होता. सवय नसल्यामुळे त्याला ते नीट जमत नव्हतं, मधेच उचकी लागल्यासारखं होत होतं.

“कितीदा घेते हो ती, काका,” तो कसाबसा म्हणाला.

“शू,” मागचा माणूस म्हणाला.

खेळ संपला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, दिग्दर्शकाच्या नावाने वाजवल्या, आणि दिग्दर्शकाचा मुलगा मान खाली घालून त्या ऐकत राहिला. मग मंचावर खुर्च्या आल्या. समीक्षक म्हणाला, प्रेत श्वास घेतं तो क्षण आपल्याला अंतर्बाह्य हलवून गेला, मृत्यूबद्दलची समाजाची घाई त्यातून उघडी पडते, एवढं धाडस त्या काळी कुणी केलं नव्हतं. हे दिग्दर्शकांना सुचलं कसं?

दिग्दर्शकाच्या मुलाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माइक हातात घेतला, त्यात एकदा फुंकर मारली.

“दृश्य पुन्हा घेता आलं असतं,” ते म्हणाले. “त्यांनी नाही घेतलं.”

सभागृहात पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा लांब. समीक्षकाने मान हलवली आणि ते वाक्य स्वतःशीच एकदा पुटपुटून पाहिलं.

बाहेर जिन्यावर गर्दी ओसरेपर्यंत ती तिघं कठड्याला टेकून उभी राहिली. दिग्दर्शकाचा मुलगा म्हणाला, “फीत संपली होती म्हणून नाही घेतलं, काका. बाबांनीच सांगितलं होतं मला.”

“ते त्यांनी विचारलं नाही,” मास्तर म्हणाले.

मुलीने त्यांच्या हातात छडी दिली. ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

“परत कधी लावणार आहेत?”

“पुढच्या शनिवारी,” दिग्दर्शकाचा मुलगा म्हणाला. “का?”

“मला मागच्या रांगेतलं तिकीट काढून ठेव. तुलाही एक काढ. पुढे बसून मेलं नीट हसताच येत नाही.”